मखमली पडदे अस्तरासकट धुवायचे की अस्तर उसवून?

मोरपंखी

नमस्कार मंडळी. दिवाळीआधी हॉलचे मखमली पडदे स्वच्छ करायचे आहेत. चुकीची सुरुवात करून कापड घालवायचं नाही, म्हणून आधी विचारते आहे.

घर माहीमला, समुद्रापासून पाच मिनिटांवर. दोन खिडक्यांना मिळून चार पडदे आहेत, प्रत्येक एका पन्ह्याचा, म्हणजे ५४ इंच रुंद, उंची ९ फूट. रंग मोरपंखी. मागे मोतिया रंगाचं सुती साटीनचं अस्तर. वर बकरम (प्लीट ताठ ठेवणारी कडक कापडी पट्टी) घालून प्लीट घेतल्या आहेत आणि पितळी हुक आहेत. अस्तर दोन्ही कडांना मखमलीला शिवलेलं आहे, खालच्या दुमडी मात्र वेगवेगळ्या. पडदे सात वर्षांचे, लेबल नाही, मखमल कसली आहे ते दुकानदाराने सांगितलं नव्हतं. आजवर फक्त झटकले आहेत.

वरच्या प्लीटमध्ये धुळीचा थर साचलाय. पावसाळ्यानंतर अस्तराच्या खालच्या दीड फुटात बारीक काळे ठिपके आलेत आणि कुबट वास येतो. ज्या कडेला धरून पडदा ओढतो तिथली लव चिकट आणि काळपट झाली आहे. आणि एका पडद्यावर कुणीतरी ओल्या फडक्याने डाग पुसला, तिथे वीतभर जागेत लव बसली आहे, उजेडात ती जागा वेगळ्याच रंगाची दिसते.

लाँड्रीत विचारलं तर "ड्रायक्लीन करून देऊ, पण अस्तर आटलं किंवा रंग गेला तर जबाबदारी तुमची" असं उत्तर मिळालं. घरी धुवावेत का? आणि अस्तर उसवावं लागेल का?

बेडरूममध्ये अजून एक जोडी आहे, त्यांना ब्लॅकआउट अस्तर आहे, पाठीवर रबरासारखा पांढरा थर असलेलं. त्यांचंही सांगा.

ताणाबाणा

मोरपंखी, अस्तराबद्दल विचारलंत ते फार चांगलं केलंत. सगळे मखमलीची काळजी करतात आणि पडदा बिघडतो तो बहुतेक वेळा अस्तरामुळे. तुमच्या हातात एक पडदा दिसत असला तरी ती दोन वेगळ्या स्वभावाची कापडं आहेत, वर बकरम हे तिसरं. धुण्याची रीत त्यांतल्या सगळ्यात दुबळ्या कापडाप्रमाणे ठरते.

पण आधी लव कशाची आहे ते शोधा. मखमलीत तळाला ताण्याबाण्याचं साधं कापड असतं आणि लवेसाठी एक जादा ताणा, म्हणजे उभे धागे, घातलेला असतो. मागावर दोन कापडं समोरासमोर विणतात, लवेचा ताणा दोघांना जोडून जातो, आणि मधून पातं फिरवून तो कापतात. त्यामुळे तळ एका धाग्याचा आणि लव भलत्याच धाग्याची असू शकते. "सिल्क व्हेलव्हेट" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मखमलीत रेशीम फक्त तळात असतं, लव व्हिस्कोसची असते. म्हणून परीक्षा दोन्ही धाग्यांची वेगवेगळी करायची.

खालच्या दुमडीच्या आतल्या बाजूने दोनतीन तळाचे धागे काढा, आणि लवेचा चिमूटभर पुंजका कातरून घ्या. लांब चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून पेटवा. वितळून काळा कडक मणी झाला आणि तो नखाने फुटला नाही तर पॉलिएस्टर. केस जळाल्याचा वास आणि बोटाने चुरा होणारा काळा गोळा म्हणजे रेशीम. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत किंवा व्हिस्कोस. या दोघांतला फरक ज्योतीवर कळत नाही, पाण्यात कळतो: धागा भिजवून दोन्ही टोकांनी ओढा. व्हिस्कोस ओला झाला की निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो आणि पटकन तुटतो, सूत उलट ओलं झाल्यावर जास्त चिवट होतं.

लव व्हिस्कोसची किंवा रेशमाची निघाली तर घरी पाणी लावू नका, अगदी पुसण्यापुरतंही नाही. व्हिस्कोसचा तंतू पाण्याने फुगतो, मऊ पडतो, आडवा होतो आणि तसाच वाळतो. सुती लव असेल तर पाणी चालतं, पण कापड आटतं आणि गडद रंग उतरायची भीती असते. पॉलिएस्टर असेल तर तुम्ही नशीबवान. हा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही (नेहमीच्या हवेत सुतात ८ टक्क्यांच्या आसपास ओल असते, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही), त्यामुळे फुगत नाही आणि आटत नाही. त्याचा शत्रू उष्णता आहे. ७०-८० डिग्रीच्या पुढे तंतू नरम होतो, आणि त्या वेळी लव दबलेली असेल तर थंड झाल्यावर ती घडी कायमची बसते. म्हणून गरम पाणी नको, गरम ड्रायर नको, इस्त्री तर नकोच.

रंगाची परीक्षा: दुमडीच्या आत पांढरं सुती फडकं साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून ३० सेकंद दाबून धरा, घासू नका. फडक्यावर रंग आला तर पडदा पाण्यात घालायचा नाही.

अस्तराची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. सात वर्षं रोजचं ऊन त्या अस्तराने खाल्लंय. खिडकीच्या मधोमध, म्हणजे ऊन सगळ्यात जास्त पडतं त्या उंचीवर, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत अस्तर धरून तिरकं, हलकं ताणा. कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला किंवा विण उघडली तर ते पाण्यात हातात येईल. अशा वेळी धुणाऱ्याचा दोष नसतो, उन्हाने धागा आधीच मेलेला असतो. सरळ नवं अस्तर घाला.

धावदोरा

ताणाबाणा यांनी कापडाचं सांगितलं, मी शिवणीचं सांगते. सुती अस्तर असेल तर उसवूनच धुवा.

हिशोब करून बघा. आधी न भिजवता शिवलेलं सुती साटीन पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ९ फूट म्हणजे साधारण २७५ सेंमी, त्याचे ४ टक्के ११ सेंमी. मखमल पॉलिएस्टरची असेल तर ती जवळजवळ तितकीच राहणार. म्हणजे दोन्ही कडांना शिवलेलं अस्तर मखमलीला ११ सेंमी वर ओढणार. कडांना चुण्या पडतात, मधला भाग झोळासारखा पुढे येतो, आणि कितीही वाफ दिली तरी तो जात नाही. दुमड वेगळी असली तरी कडा जोडलेल्या आहेत, तिथेच घात होतो.

उसवण्याआधी मापं लिहून ठेवा. प्रत्येक पडद्याची उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी, मखमलीची वेगळी आणि अस्तराची वेगळी. मग अस्तर आणि मखमल दोन्हींच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उलट बाजूने एकाच रंगाचा दोरा टाकून गाठ मारा, पहिल्या पडद्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन, असं. चार अस्तरं धुऊन आल्यावर सारखीच दिसतात आणि अदलाबदल झाली की माप बसत नाही. शिवाय वरची बाजू कुठली हे कळणं मखमलीत फार गरजेचं आहे. लवेची दिशा उलटी झाली तर शेजारच्या दोन पडद्यांचा रंग वेगळा दिसतो, एक गडद आणि एक फिका.

हुक सगळे काढा. खालच्या दुमडीच्या कोपऱ्यात वजनं घातली आहेत का ते बोटांनी चाचपा. शिशाची किंवा लोखंडी वजनं असतात, धुण्यात राहिली तर काळे किंवा गंजाचे डाग पडतात, आणि ते मखमलीतून निघत नाहीत. शिसं असेल तर नंतर हात साबणाने धुवा.

उसवायला सीम रिपर घ्या, ब्लेड नको. टाका नेहमी अस्तराच्या बाजूने कापायचा. मखमलीच्या बाजूने हत्यार घातलं की लवेचे पुंजके तळासकट निघतात आणि तिथे टक्कल पडतं. तीनचार टाके सोडून एक कापत जा, मग अस्तर हळूच ओढलं की दोरा आपोआप सुटतो. वरची प्लीटची पट्टी मात्र उसवू नका, ती परत तशीच बसवणं घरच्या मशीनवर अवघड आहे. अस्तर बकरमच्या अगदी खालच्या टिपेपासून कापून सोडवा, दीडदोन सेंमी कापड वर राहू द्या, परत जोडताना ते शिवणीला लागेल. नव्या अस्तरासाठीही हीच रीत.

बकरमबद्दल एक गोष्ट. बकरम खळीचं असेल तर पाण्यात मऊ पडतं आणि प्लीट बसतात. कोपऱ्यावर एक ओला कापूस दोन मिनिटं ठेवा. कापड चिकट लागलं तर ते खळीचं, आणि मग वरची पट्टी पाण्याबाहेर ठेवून धुवावं लागेल किंवा बकरम बदलावं लागेल. पॉलिएस्टरचं बकरम तसंच कडक राहतं.

मोरपंखी

दोघांचेही मनापासून आभार. परीक्षा करून पाहिल्या. लव आणि तळ दोन्ही वितळून कडक मणी झाला. फडक्यावर रंग आला नाही. अस्तर तिरकं ताणलं तर काही झालं नाही. बकरम ओल्या कापसाखाली कडकच राहिलं. म्हणजे मखमल पॉलिएस्टरची आणि अस्तर सुती, बरोबर?

आता त्या काळ्या ठिपक्यांचं काय? आणि धुण्याचा नेमका क्रम सांगाल का?

लाटघर

किनाऱ्यावर बुरशी दर वर्षीची आहे. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून पूर्ण पडद्यावर फवारा आणि दोन दिवस कडक उन्हात टाका, वास जातो.

ताणाबाणा

लाटघर, वास जाईल, पण मखमलीसाठी ही रीत मी सांगणार नाही. फवाऱ्याचे थेंब धुळीवर पडले की चिखल होतो आणि तो लवेच्या मुळाशी जाऊन बसतो. पडदा वाळल्यावर प्रत्येक थेंबाभोवती कडं दिसतं. व्हिनेगरने काळा रंगही जात नाही. आणि दोन दिवसांचं कडक ऊन गडद मखमलीचा रंग उडवतं. सुट्या अस्तराला दोनतीन तासांचं सकाळचं ऊन चालेल, मखमल सावलीत आणि वाऱ्यावर.

बुरशीचं कारण आधी बघू. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. सुती अस्तर हे तिचं अन्नच आहे. पॉलिएस्टर ती खात नाही, पण त्यावरची धूळ आणि तेलकटपणा खाते. म्हणून धूळ गेली की निम्मं काम होतं.

आता क्रम. पडदे दांडीवर असतानाच व्हॅक्यूम फिरवा. काढताना झटकले जातात आणि वरच्या प्लीटमधली धूळ खालच्या लवेत उतरते. नळीच्या तोंडाला सोफ्यासाठीचा मऊ ब्रश लावा, त्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबरबँडने बांधा म्हणजे सुटलेली लव आत खेचली जाणार नाही. जोर कमीत कमी. हात फिरवून ज्या दिशेला लव गुळगुळीत लागते त्याच दिशेला, एक एक पट्टा वरून खाली, दोन वेळा. प्लीटच्या फटीत अरुंद तोंडाची नळी. मग मागची बाजू. बुरशीचा भाग हाताळताना एन ९५ मास्क घाला, खिडक्या उघड्या ठेवा, पंखा बंद. पंखा चालू राहिला तर बुरशीची भुकटी घरभर उडते.

धूळ पूर्ण गेली का हे बघायचं असेल तर मखमलीचाच उरलेला तुकडा घ्या, लवेवर लव ठेवून एकदा खाली फिरवा. तुकड्यावर राखाडी पट्टा उमटला तर अजून एकदा व्हॅक्यूम.

यानंतर धावदोरा यांनी सांगितल्याप्रमाणे अस्तर सोडवा.

चिकट कडेला धुण्याआधी फेस लावा. पाव लिटर पाण्यात ५ मिली सौम्य लिक्विड (लोकरीच्या कपड्यांचं ईझीसारखं) घालून अंड्याच्या फेटणीने फेटा. फक्त वरचा फेस उचलायचा, पाणी नाही. मऊ कपड्याच्या ब्रशने लवेच्या दिशेला लावा, पाच मिनिटांनी पांढऱ्या टॉवेलने टिपा. टॉवेलवर काळपट उमटत राहील तोवर टॉवेलची जागा बदलत परत करा. बाहेरून आत या, नाहीतर डाग पसरतो. ही तेलाची आणि फोडणीच्या वाफेची चिकटी असते, उदबत्तीची काजळी त्यावर चढते आणि म्हणून काळी दिसते.

मखमल मशीनमध्ये चालेल. एका पन्ह्याचा ९ फुटी पडदा कोरडा साधारण सव्वा किलो भरतो, ७ किलोच्या फ्रंटलोड मशीनला एका वेळी एकच घाला. भरपूर पाण्यात मोकळा हलला तरच लव घासत नाही. उलटा करून, लव आत ठेवून, मोठ्या जाळीच्या पिशवीत. थंड पाणी किंवा ३० डिग्री, नाजूक कपड्यांचा प्रोग्राम, २० मिली लिक्विड, एक जादा खळबळ, फिरकी ४०० च्या वर नको. पावडर नको, तिचे न विरघळलेले कण लवेत अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनरही नको, त्याचा थर लवेवर बसला की पुढची धूळ दुप्पट चिकटते.

टॉपलोड मशीनमध्ये घालू नका, मधला दांडा लव घासतो. त्यापेक्षा मोठ्या टबात ४० लिटर पाणी, ३० मिली लिक्विड, पडदा पंख्यासारखा घडी करून १० मिनिटं बुडवा आणि दोन्ही हातांनी फक्त खालीवर दाबा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. स्वच्छ पाण्यात तीन वेळा खळबळा. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं पाणी पिण्याच्या नळाचं घ्या, नाहीतर क्षार बसून लव खरखरीत होते. ओला पडदा तीनचार किलोंचा होतो, एका टोकाला धरून उचलू नका. दोन्ही हातांवर घेऊन टबाच्या काठावर २० मिनिटं निथळू द्या.

वाळवताना फूटभर अंतरावर दोन दोऱ्या बांधा, पडदा लांबीने दोन्हींवर टाका, उलटी बाजू दोरीवर. एकाच दोरीवर टाकला तर मधोमध आडवी रेघ पडते. चिमटे लावू नका.

धावदोरा

अस्तराचे ठिपके मी सांगते. उसवलेलं सुती अस्तर आधी साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी चहासारखं पिवळट होईल. घाबरू नका, उन्हाने जीर्ण झालेल्या सुताचा तो रंग असतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोनतीनदा बदला. मग औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तितक्याच पाण्यात मिसळा, म्हणजे ३ टक्के होईल. रबरी हातमोजे घालून कापसाने फक्त ठिपक्यांवर लावा, १५ मिनिटं ठेवा, धुवा. अस्तर मोतिया आहे म्हणून आधी दुमडीच्या आत लावून पाहा, रंग फिका पडत असेल तर सगळ्या खालच्या पट्ट्याला सारखंच लावावं लागेल, नाहीतर पांढरे गोल उठून दिसतील. सगळे ठिपके जातीलच असं नाही. जुन्या बुरशीचा रंग धाग्यात मुरतो. पण बुरशी मेली आणि वास गेला म्हणजे पुरे, मागच्या बाजूचे फिके ठिपके कुणाला दिसत नाहीत.

मखमलीवर पेरॉक्साइड अजिबात नको. आणि रिठ्याचं पाणीही अस्तराला नको, मोतिया कापडावर तपकिरी झाक राहते.

अस्तर ओलसर असतानाच उभ्या धाग्याने इस्त्री करा. मग एक रात्र लटकत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. आधीच्या मापापेक्षा आखूड झालं असेल तर खालची दुमड सोडून लांबी काढता येते. दुमड चार इंची असेल तर बरीच जागा मिळते. तेवढ्यानेही पुरलं नाही तर वरच्या टिपेला त्याच कापडाची पट्टी जोडा, ती मखमलीमागे झाकली जाते.

नवं अस्तर घेणार असाल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा आणि मग कापा. हे एक काम वाचवलं की पुढच्या धुण्यात हीच कहाणी परत.

परत जोडताना अस्तर मखमलीपेक्षा खाली एक इंच आखूड आणि दोन्ही कडांना एक इंच आत ठेवा. कडेची टीप मशीनने मारण्यापेक्षा हाताने सैल लॉक टाके घाला, दर चार इंचांना एक. मशीन वापरायचीच असेल तर १४ नंबरची सुई, टाका साडेतीन ते चार मिमी, वरचा ताण सैल, आणि आधी धावदोऱ्याच्या दोन ओळी घाला. मखमल दातांवर सरकते, नुसत्या टाचण्यांवर भरवसा ठेवलात तर ९ फुटांच्या शेवटी इंचभर फरक पडलेला दिसतो. टाचण्या शिवणीच्या आतच लावा, बाहेर लावल्या तर लवेत भोकांचे ठसे राहतात. खाली मखमल आणि अस्तर यांना दर फुटाला दीड इंची दोऱ्याची साखळी घाला. अस्तर वाऱ्याने उडणार नाही, पण मखमलीला ओढणारही नाही.

भट्टीवाले

ड्रायक्लीनच्या धंद्यातला आहे, ब्लॅकआउट पडद्यांचं सांगतो.

तो पांढरा थर दोन प्रकारचा असतो. स्पंजसारखा मऊ, बोटाने दाबला की दबणारा, तो बहुधा अॅक्रिलिक फोम. गुळगुळीत, रेक्झीनसारखा असेल तर पीव्हीसी. पीव्हीसीचा थर परक्लोरोइथिलीनमध्ये, म्हणजे ड्रायक्लीनच्या नेहमीच्या सॉल्व्हंटमध्ये, घातला की त्यातला लवचीकपणा देणारा पदार्थ विरघळून निघतो, पडदा पुठ्ठ्यासारखा कडक होऊन परत येतो आणि घडीवर तडकतो. फोमचा थरही सॉल्व्हंटने सुटू शकतो. त्यामुळे लेबलावर ड्रायक्लीनची खूण नसेल तर असा पडदा मशीनमध्ये घालायला चांगला माणूस नाहीच म्हणेल.

लेबल असेल तर गोल बघा. गोलात "पी" म्हणजे परक्लोरोइथिलीन चालेल, "एफ" म्हणजे फक्त पेट्रोलियमचं सौम्य सॉल्व्हंट, "डब्ल्यू" म्हणजे व्यावसायिक पद्धतीची पाण्याची धुलाई, गोलावर फुली म्हणजे ड्रायक्लीन नाही. गोलाखाली आडवी रेघ असेल तर काम हळू हाताने करायचं.

ब्लॅकआउटला घरी फक्त दोन गोष्टी करा. मखमलीच्या बाजूने व्हॅक्यूम. आणि थराच्या बाजूने घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसणं, अर्ध्या बादलीत, म्हणजे ८-१० लिटरमध्ये, एक चमचा लिक्विड, लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने परत, मग कोरड्याने. घासलं की थर खपल्या होऊन निघतो आणि खिडकीतून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसू लागतात. घडी घालून ठेवू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. थर चिकट लागायला लागला असेल तर त्याचं आयुष्य संपलंय, ते अस्तर बदला.

तुम्हाला लाँड्रीने जबाबदारी घेतली नाही, त्याचं एक कारण असं की ड्रायक्लीनमध्येही सुती अस्तर थोडं आटू शकतं, सॉल्व्हंटमध्ये थोडं पाणी घालतात म्हणून आणि सुकवताना उष्णता लागते म्हणून. पण ग्राहकाने विचारायला हवं ते असं: सॉल्व्हंट कोणतं, ते गाळलेलं की त्याच दिवशी इतर कपड्यांनी काळं झालेलं, पडदे वेगळ्या घाण्यात घालणार का, सुकवताना तापमान किती, आणि मखमलीला प्रेस मारणार की फक्त वाफ. "प्रेस करून देतो" असं उत्तर आलं तर पडदे परत आणा. देण्याआधी प्रत्येक पडद्याची उंची आणि डाग दुकानात पावतीवर लिहून घ्या, फोटो काढा. ड्रायक्लीनने तेल निघतं. घाम, सरबत, चहा हे पाण्याचे डाग तसेच राहतात, ते आधी दाखवून सांगा. आणि धूळ काढूनच द्या, कारण सॉल्व्हंटमध्ये सुटलेली धूळ परत लवेवर बसून पडदा राखाडी होतो. घरी आल्यावर बेडरूममध्ये लगेच लावू नका, एकदोन दिवस गॅलरीत वाऱ्यावर राहू द्या.

शाळेचा_मंच

मधेच विचारतो, विषय जवळचा आहे. आमच्या शाळेच्या सभागृहाचा दर्शनी पडदा मरून मखमलीचा आहे. पावसाळ्यात त्यावर पांढरट रेघा आल्या आहेत. ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगितलंय. पुसावा का?

रंगपीठ

पुसू नका. थांबवा आधी.

मंचाच्या सुती मखमलीला आग लवकर पकडू नये म्हणून बऱ्याचदा क्षारांचं द्रावण मारलेलं असतं. ते पाण्यात विरघळतं. दमट हवेत हे क्षार ओल धरतात, पृष्ठभागावर येतात आणि वाळल्यावर पांढऱ्या रेघा होतात. म्हणजे तुम्ही पुसाल ती घाण नाही, ते पडद्याचं आगीपासूनचं संरक्षण असू शकतं. धुतलं की ते निघून जातं, आणि पडदा दिसायला स्वच्छ पण आगीला उघडा राहतो. खाली मुलं बसलेली असतात, दिवे तापलेले असतात.

कोरड्या मऊ ब्रशने लवेच्या दिशेला झाडून व्हॅक्यूम करा, बस. मग पडद्याची कागदपत्रं काढून प्रक्रिया कधी केली ते बघा. तंतूच मुळात आग न पकडणाऱ्या पॉलिएस्टरचा असेल तर धुण्याने गुण जात नाही, पण तसं कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. अंदाज घ्यायचा तर दुमडीच्या आतली एक इंच रुंद, चार इंच लांब पट्टी कापा, मैदानात, पाण्याची बादली शेजारी ठेवून, चिमट्यात उभी धरून खालच्या टोकाला १२ सेकंद काडीची ज्योत लावा. ज्योत बाजूला केल्यावर कापड दोनेक सेकंदांत विझलं पाहिजे आणि जळते थेंब पडता कामा नयेत. जळत राहिलं तर प्रक्रिया परत करून घ्या, आणि विझलं तरी हा फक्त अंदाज आहे, दाखला प्रक्रिया करणाऱ्याकडूनच घ्यायचा. खालच्या दुमडीतली साखळीही तपासा, हे क्षार लोखंड गंजवतात आणि गंज मरून मखमलीवर तपकिरी पट्टा होऊन उतरतो.

मोरपंखी

शाळेच्या पडद्याची माहिती माझ्याही कामाची निघाली, बिल्डिंगच्या हॉलमध्ये तसाच पडदा आहे, कमिटीला कळवते.

आता एकच राहिलं. ती वीतभर बसलेली लव उठेल का? घरी हँड स्टीमर आहे.

भट्टीवाले

उठायला हवी, पॉलिएस्टर आहे आणि गरम काही लागलेलं नाही. धुऊन पूर्ण वाळल्यावरच करा. पुसलेल्या जागेत साबण किंवा धूळ राहिली असेल तर लव त्यामुळेही चिकटून बसते, ती धुण्यात सुटते, कदाचित वाफेची गरजच पडणार नाही.

पडदा दांडीवर टांगून, अस्तर जोडण्याआधी, वाफ मागच्या बाजूने द्या. स्टीमर सुरू केल्यावर पहिली १० सेकंदांची वाफ बाजूला सोडा, तिच्यात पाण्याचे थेंब असतात. स्टीमर उभा धरा, आडवा केला की थुंकतो. तळापासून १५ सेंमी लांब, जागेवर न थांबता पाचसहा सेकंद, मग हात पुढे जाऊन लवेकडून पाहा. लव कोमट आणि किंचित दमट असताना मऊ ब्रश एकदा उलट्या दिशेला, मग एकदा सुलट्या दिशेला, दाब अजिबात नाही. थंड होऊ द्या, मग परत. तीनचार फेऱ्यांत फरक दिसतो. त्यापुढे वाफ वाढवू नका. तंतू नरम झालेला असताना बोट लागलं तर बोटाचा ठसा राहतो, आणि तो पुसलेल्या डागापेक्षा वाईट दिसतो.

बाकीच्या पडद्याला वाफ देऊ नका. टांगल्यावर दोनतीन दिवसांत स्वतःच्या वजनाने घड्या सुटतात. त्या दिवसांत पडदे पूर्ण ओढून बंद ठेवा, गुंडाळून बांधू नका.

धावदोरा

आणि अस्तर जोडायची घाई नको. मखमल तीन दिवस टांगून राहिली की खालची कड जमिनीपासून परत मोजा. ९ फुटांत अर्धा इंच उतरलेली असू शकते. अस्तराची लांबी त्या मापावरून धरा. तुमच्याकडे दमट हवा आहे, त्यामुळे खालची कड फरशीपासून अर्धा इंच वर राहील अशी ठेवा. फरशी पुसताना ओलं फडकं लागून अस्तर खालून ओल ओढतं, आणि तुमचे ठिपके खालच्या दीड फुटातच आलेत ते बहुधा याचमुळे.